बाबांसारखा श्वास

नाशिक, फेब्रुवारी २००५

चिंतूदादा,

तुला आणि आईबाबांना नमस्कार. मी बरी आहे, मेसचं जेवण अंगी लागतंय. आपली शेळी व्याली का?

इथे अ‍ॅनिमेशनच्या वर्गात आम्हाला शब्द हलवायला शिकवतात. शब्दाचा अर्थ असेल तसाच तो कॉम्प्युटरवर हलला पाहिजे. या वेळी सगळ्यांना ‘श्वास’ हाच शब्द दिला. मी बाबांचा आठवून केला. अक्षरं हिसक्यासरशी वर जातात, तिथेच थरथरत अडकतात, मग धपकन खाली बसतात.

सर म्हणाले, “हा श्वास नाही, गुदमरणं आहे.” मी भांडले. मग बाकीच्यांचे शब्द बघितले. सगळ्यांचे सावकाश फुगत होते, सावकाश बसत होते.

दादा, दिंडोरीच्या द्राक्षांवर औषध मारून आलेली आपल्या पाड्यावरची सगळी माणसं बाबांसारखाच श्वास घेतात. मला वाटायचं, मोठी माणसं असाच घेतात.

बाबांना दवाखान्यात ने. ‘मला काही झालं नाही’ म्हणतील, त्यांचं ऐकू नको.

आणि तूपण दाखव. संक्रांतीला तू बागेतून आलास, माझ्याशेजारी जेवायला बसलास, तेव्हा तुझा श्वास मला ऐकू येत होता. मला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही.

तुझी,
यमू