वरचं एक

अमरावती, माघ, शके १७८६

प्रिय भगवंत,

मास्तरांचं पत्र म्हटल्यावर तुला आधी छडी आठवली असेल. घाबरू नकोस. आज चूक कबूल करायची आहे ती मला.

दोन वर्षांपूर्वी अकोल्याच्या शाळेत तू सात वर्षांचा होतास. कापसाला तेजी आली होती, ज्याला त्याला आपलं पोर हिशेबात पक्कं हवं होतं आणि वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. चिंचोके पुरेनात म्हणून मी सरकीवर बेरीज-वजाबाकी शिकवायचो. पाच आणि पाच मांड म्हटलं की तू अकरा मांडायचास. दहातून चार काढ म्हटलं की पाच काढायचास. मी दहादा समजावलं, छडीही मारली, आणि साहेब तपासणीला आले त्या दिवशी तू पुन्हा तेच केलंस. साहेब हसले. माझी फजिती झाली म्हणून मी भर वर्गात बोललो, की या माळ्याच्या पोराच्या डोक्यात मेंदू नाही, सरकी आहे. पोरांनी तुला लगेच 'सरक्या' करून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून तू आलाच नाहीस. तुझी आई गंगूबाई माझ्या दारात येऊन म्हणाली, "पोरगं म्हणते, मले काईच येत नाई. मंग काहून धाडू, गुरुजी?" मी त्या माउलीला बसासुद्धा म्हटलं नाही. खरं सांगतो, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढे माझी इकडे बदली झाली. घरातला बाजार नेहमी बायकोचा. परवा ती माहेरी गेली म्हणून मीच वांगी आणायला गेलो. शकुन नावाच्या माळणीनं दहा मोजली आणि वर एक टाकलं. मी म्हटलं, बाई, चुकलीस. ती हसली. "चुकली नाई, गुरुजी. वरचं एक घ्या. नुसतं मोजून देल्लं तं वाडीले बरकत नसते."

भगवंत, मला तिथे उभं राहवेना. तुला पाच आणि पाच दहा येतच होतं. घरची रीत म्हणून तू वर एक घालत होतास, देतानाही एक जास्त देत होतास. एकदा जरी मी 'काहून?' म्हणून विचारलं असतं, तर तू सांगितलं असतंस. मी छडीच उचलली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

तुला हे पत्र वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्याला कारण मीच. म्हणून ते अकोल्याच्या शाळेचे नवे मास्तर किसनराव यांच्याकडे पाठवतो आहे. किसनराव, याला आणि गंगूबाईंना शाळेत बोलवा आणि पत्र सगळ्या पोरांसमोर मोठ्यानं वाचा. माझी भीड धरून एक शब्दही गाळू नका. पोरांनो, भगवंत हुशार होता, मूर्ख तुमचा मास्तर होता. आता जरा सरका आणि त्याला बसायला जागा द्या.

तुझाच अपराधी,
चंद्रभान मास्तर