टीव्हीला डबा दिसत नाही

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार. भांडी झाल्यावर.

आजपासून रोजनिशी. माझी नात तेजल पुण्याला होस्टेलवर जाताना दाखवून गेली: माईकचं चित्र दाबायचं, बोलायचं, मोबाईल लिहून घेतो. कोणी वाचेल ही भीती नाही. मला स्वतःलाच वाचता येत नाही, यापेक्षा पक्कं कुलूप कुठलं?

मुद्दा असा. टीव्हीच्या कपाटात आमच्या मनोजनं जुन्या कॉम्प्युटरचा एक डबा करून ठेवलाय. घरातले सगळे फोटो, सगळे व्हिडिओ त्यात. तो त्याला सर्व्हर म्हणतो. टीव्ही लावला की टीव्हीत डबा दिसायचा, पाहिजे ते काढून बघायचं. कालपासून दिसत नाही. डब्याचा दिवा हिरवा, टीव्ही चालू, पण दोघांची बोलाचाल बंद.

येत्या रविवारी ह्यांचा तिसरा स्मृतिदिन. अकराला भंतेजी येणार. वंदना, जेवण, मग व्हिडिओ. रिटायर झाले तेव्हा ह्यांनी अंबडच्या कंपनीत भाषण केलं होतं, त्याचा. त्या दिवशी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन, मी गेले नव्हते. घरी येऊन हे एवढंच म्हणाले, तुझं नाव घेतलं बरं का माईकवर. कंपनीतल्या एकानं तो व्हिडिओ आत्ता मागच्या महिन्यात मनोजला पाठवला. सगळ्यांनी मिळून रविवारी बघायचा असं ठरलं.

हे मी सिन्नरच्या सुलाबाईला, म्हणजे माझ्या नणंदेला, कौतुकानं सांगितलं. ती म्हणते, वयनी, काहीपण नको सांगू. माझ्या भावानं जन्मात बायकोचं नाव तोंडातून काढलं नाय. आता खरं सांगायचं तर चाळीस वर्षं ह्यांनी मला ‘अगं’वर भागवलं, चिडले तर ‘अगं ए’. म्हणूनच तर ऐकायचंय. मी म्हटलं, ये रविवारी, पन्नास माणसांत ऐकवते.

मनोज आठवडाभर चाकणला ट्रेनिंगला. रविवारी दुपारी उगवणार. फोनवर म्हणाला, आई, हात लावू नको. सून यशश्री शाळेत शिकवते, तिथे क्रीडा सप्ताह. म्हणजे राहिलं कोण?

संकल्प: उद्या संध्याकाळपर्यंत डबा दुरुस्त. बुधवारी आराम.

११ नोव्हेंबर, मंगळवार. दुपार.

यशश्रीनं शाळेत जाताना लॅपटॉपवर डब्याचं पान उघडून दिलं. डब्याच्या आतल्या सगळ्या चाव्या त्या पानावर असतात म्हणे. म्हणाली, आई, नुसतं बघा, काही दाबू नका.

नुसतं बघितलं. दहा मिनिटं. मग दाबलं.

पान इंग्रजीत आहे. मला काय फरक पडतो? मराठीत असतं तरी तेवढंच कळलं असतं. अक्षरावाचून माझं काही अडलेलं नाही. सिन्नरची एसटी मी कायम ड्रायव्हरच्या मिशीवरून ओळखली. दोनदा नांदगावला उतरले, पण तिथली माणसंही चांगली निघाली.

पद्धत बसवलीय. टिकल्या. दाबल्यावर लॅपटॉप गप्प राहिला तर त्या जागी काचेवर हिरवी टिकली. टुंग वाजलं किंवा लाल चौकट आली तर लाल. आज सात हिरव्या, चार लाल. उद्या फक्त हिरव्या दाबायच्या की झालं.

टीव्हीला अजून डबा दिसत नाही. पण जवळ आलंय, मला जाणवतंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

आराम रद्द.

पान वर-खाली सरकतं. टिकल्या सरकत नाहीत. हे लॅपटॉप बनवणाऱ्यांनी आधी सांगायला नको?

कालची सगळी मेहनत गेली. नव्यानं सुरुवात. पाकीट संपलं, यशश्रीच्या डबीतल्या खड्यांच्या टिकल्या घेतल्या.

संध्याकाळी ती आली, लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, आई, ह्याला गोवर आलाय का? मी पद्धत समजावली. ती दोन मिनिटं खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, खांदे हलत होते. क्रीडा सप्ताहानं दमते बिचारी.

मी विचारलं, ही मधली रिकामी चौकट कसली? वाचून म्हणाली, पाहुणे, परवानगी नाही. आणि पोळ्या करायला गेली.

पाहुण्यांना परवानगी नाही! माझ्या घरात! ह्या घरातून गॅसवाला चहाशिवाय गेलेला नाही. मनोजला एवढं शिकवलं, ते वाया गेलं की काय. दोष इथेच होता, दुसरं काय. चौकटीत खूण केली. खालीही तशाच चार होत्या, त्यांतही केल्या. एकाला वाढायचं आणि चौघांना ताटकळत ठेवायचं, हे आपल्याकडे नाही.

हिरवी टिकली. खड्याची.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी दहा.

शेजारच्या वत्सलाबाई आल्या. बसल्या, चहा घेतला, पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, झुंबरताई, महाबळेश्वरच्या घोड्यावर तुम्ही मनोजची जीनपँट घातली होती का हो?

तो फोटो डब्यात सगळ्यात तळाला असतो.

झालं असं की मागच्या दिवाळीत त्यांनी आमच्या वायफायचा पासवर्ड मागितला होता. मागितल्यावर नाही कसं म्हणायचं? रात्री त्यांनी मालिका लावायला टीव्ही उघडला, तर समोर आमचा डबा. मालिका राहिली बाजूला, सगळ्यांनी जेवताना आमचे फोटो बघितले. पँट शोभते म्हणाल्या. घोड्याला ओझं झालंय असंही म्हणाल्या.

वाईट वाटून घेतलं नाही. उलट मोठी बातमी आहे. डबा बोलायला लागला! फक्त आधी शेजारी बोलला.

वत्सलाबाई म्हणाल्या, रविवारी आमच्याकडेच लावा भाषण. मी म्हटलं, बघू. बघणार नाही. माझ्या नवऱ्यानं माझं नाव घ्यायचं आणि ते मी दुसऱ्याच्या सोफ्यावर बसून ऐकायचं?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

सुलाबाईचा फोन. जीप सांगितलीय. चौदा माणसं येणार. म्हणाली, वयनी, लावतेस ना नक्की? का टीव्ही बिघडला म्हणशील ऐनवेळी?

मी म्हटलं, टीव्ही ठणठणीत आहे.

दिवसभर टिकल्या. गुडघे धरलेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपारचे तीन.

बोलवत नाही. तरी बोलते.

पानाच्या कोपऱ्यात एक मोठं लाल बटण आहे. चार दिवस त्याच्या वाटेला गेले नव्हते. आज वाटलं, इतकं मोठं केलंय ते उगीच नाही केलेलं. दाबलं. दोन छोटी बटणं आली. उजव्या हाताचं दाबलं, चांगली कामं उजव्यानंच करतात.

पान पांढरं झालं. कपाटात बघितलं तर डब्याचा दिवा गेलेला.

ह्यांचं भाषण त्यात. पहिल्यांदा आणि शेवटचं घेतलेलं माझं नाव त्यात, आणि ते मी अजून ऐकलेलंही नाही. चहा ठेवला, उतू गेला, पुसलाही नाही.

शेवटी मनोजला फोन केला. म्हटलं, मनोज, पप्पा पुसले रे माझ्या हातानं. तो आधी घाबरला. मग मी बटणाचं सगळं सांगितलं, तेव्हा हसायला लागला. म्हणाला, आई, तू डबा फक्त बंद करून चालू केलास. पाच मिनिटं थांब. आणि पप्पांच्या व्हिडिओला मी पहिल्या दिवशीच कुलूप घातलंय, तो कोणाला पुसता येत नाही. मी म्हटलं, कोणाला म्हणजे? म्हणाला, आई, घरात आणखी कोण आहे?

पाच मिनिटांनी हिरवा दिवा आला. आईवर एवढा अविश्वास. डोळे पुसून झाले की रागवणार आहे.

संकल्प: उद्या दहाच्या आत टीव्हीला डबा दाखवायचाच.

१६ नोव्हेंबर, रविवार. पाहुणे गेल्यावर.

दहाच्या आत दिसला नाही. अकरालाही नाही. वंदना झाली, जेवणं झाली, खीर झाली. सुलाबाई टीव्हीच्या अगदी पुढ्यात मांडी घालून बसली आणि म्हणाली, हं, लाव.

मनोज अजून नाशिकरोडलाही पोचला नव्हता. मी लॅपटॉप मांडीवर घेतला. यशश्रीनं हात पुसले, रिमोट घेतला, चार ठिकाणी टकटक केलं आणि म्हणाली, आई, टीव्हीचं वायफाय बंद होतं. डब्याला काही झालेलंच नाही. मालिका अडकली म्हणून मागच्या रविवारी रिमोटवर काय काय दाबलं होतं तुम्ही?

त्या विषयात आत्ता शिरत नाही.

डबा दिसला. हे दिसले. सफारी, हार, चष्मा नाकावर. साहेबांचे आभार मानले, युनियनचे मानले. मग घसा खाकरला आणि म्हणाले, आता आमच्या झुंबरबाई.

सुलाबाईनं माझं मनगट धरलं. मी म्हटलं, ऐक.

हे म्हणाले, लोक विचारतात, सहादू, तीस वर्षांत एक खाडा नाही, कसं जमलं? तर कारण आमच्या झुंबरबाई. झुंबरबाईंनी मिक्सर दुरुस्त केला, अख्ख्या गल्लीत दोन दिवस अंधार. झुंबरबाईंनी घड्याळ दुरुस्त केलं, मी पहाटे तीनला गेटवर हजर. झुंबरबाईंनी स्कूटर दुरुस्त केली, तेव्हापासून मी कंपनीच्या बसनं येतो. आज झुंबरबाईंचे डोळे दुरुस्त होतायत, म्हणून इथे निवांत उभा आहे. घरी थांबून ते सगळं बघण्यापेक्षा मशिनवर उभं राहणं बरं, म्हणून खाडा नाही.

सगळी कंपनी टाळ्या वाजवत होती. हे हसत होते. असे हसलेले मी ह्यांना घरी फार वेळा बघितले नाहीत.

पन्नास माणसांनी टीव्हीवरून मान फिरवून माझ्याकडे बघितलं. भंतेजींनी चिवराच्या टोकानं तोंड झाकलं.

सुलाबाई म्हणाली, घेतलं गं वयनी, नाव घेतलं. हारले मी. सहा डाव घेतलं, मोजलं म्या. मग डोळे पुसून म्हणाली, पुन्हा लाव.

मी रिमोटसाठी हात पुढे केला, तर सिन्नरची अख्खी जीप उठून उभी राहिली.