सर, आपांच्या मशीनवर विंडोजच राहिलं

सर, ऑफिसमधले सगळे कॉम्प्युटर बदलायची वेळ आली, त्यानंतरच्या दिवसांत मला पहिल्यांदा तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालीत, आणि माझ्या डोक्यात आजही निर्णय घेताना आधी तुमचाच आवाज येतो. बाकी कुणाचा नाही, नवऱ्याचाही नाही. मी आता धुळ्यात असते. एका मेडिकल दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत, तिथे आमचं काम चालतं. लोकांच्या मुलाखती, सभा, शेतकऱ्यांनी सल्ला विचारायला केलेले फोन, असं सगळं ध्वनिमुद्रण आमच्याकडे येतं आणि आम्ही ते ऐकून अक्षरशः लिहून देतो. मराठी, हिंदी आणि अहिराणी. अहिराणीचं काम आमच्याशिवाय कुणाला नीट जमत नाही असं मी चारचौघांत सांगते, आणि ते बऱ्यापैकी खरं आहे. चार-पाच माणसं आहेत, मशीन जुनी आहेत पण ठणठणीत. तर झालं असं, की त्यांच्यावरच्या विंडोजला सुरक्षेचे अपडेट मिळणं बंद झालं आणि नवं विंडोज या मशीनवर चढेना. काम देणाऱ्यांचा निरोप आला, अपडेट नसलेल्या मशीनवर आमचं ध्वनिमुद्रण उघडायचं नाही. म्हणजे एक तर सगळी मशीन नवी घ्यायची, नाही तर आहेत त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं, जे फुकट मिळतं आणि आतून उघडून बघता येतं. निरोप वाचला त्या क्षणी मी ठरवूनच टाकलं होतं. ठरवलं मी नव्हतं, तुम्ही ठरवलं होतं, जळगावला, तुमच्या स्वयंपाकघरात.

ती दुपार मला अजून दिसते. तुमच्या घरात कॉम्प्युटर स्वयंपाकघरात ठेवलेला, कारण अर्थिंग नीट असलेला एकच प्लग तिथे होता. काकू गॅसवर भरताची वांगी भाजतायत, खोलीभर तो जळका गोड वास, आणि तुम्ही पिठाच्या डब्यावर बसून मला लिनक्सची सीडी घालायला सांगताय. मी पारोळ्याहून बसने कॉलेजला येणारी मुलगी. कॉम्प्युटरला हात लावताना आधी ओढणीला हात पुसायचे. निम्मं इन्स्टॉलेशन झालं आणि लाइट गेली. लाइट आली, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा गेली. काकू म्हणाल्या, "अहो, पोरीला जेवू तरी द्या." तुम्ही म्हणालात, "जेवेल. आधी स्वतःच्या हाताने उभं करू दे." संध्याकाळ व्हायच्या आत ते उभं राहिलं, काळ्या पडद्यावर माझं नाव आलं आणि शेजारी चौकोन लुकलुकायला लागला. मी काहीतरी मिळवलंय असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. कॉलेजात पहिली आले तेव्हासुद्धा तसं वाटलं नव्हतं. नंतर भाकरी आणि भरीत खाताना हाताला वास कशाचा येतोय हेही मला कळत नव्हतं.

आणि ते बोलणं. मी बाजारातून विंडोजची कुणीतरी कॉपी केलेली सीडी आणली होती, सगळेच आणत होते. लॅबमध्ये तुम्ही ती माझ्या हातातून घेतलीत, उजेडात धरून पाहिलीत आणि चिडलात की बोलायचात तशा अहिराणीत म्हणालात, "हाऊ कॉम्प्युटर तुना शे का कंपनीना?" मागची मुलं हसली. मी मान खाली घातली. मग तुम्ही आवाज उतरवून म्हणालात, ज्या यंत्रावर आपलं पोट चालणार ते आतून काय करतं हे आपल्याला उघडून बघता आलं पाहिजे, नाही तर आपण भाडेकरू. तो शब्द माझ्यात रुतून बसला. पुढे नोकऱ्या केल्या, सोडल्या, लग्न झालं, धुळ्याला आले, हे ऑफिस काढलं. घरचं माझं मशीन कायम लिनक्सचं राहिलं, पण ऑफिसात भाडेकरूच राहिले, कारण कामाची घाई आणि लोकांची सवय. त्यामुळे त्या निरोपाचा मला आनंदच झाला, सर. वाटलं, चला, आता कुणाला समजावत बसायला नको, परिस्थितीनेच लावून दिलं.

सगळ्यांना बसवून मी सांगितलं. तुमचंच वाक्य वापरलं, भाडेकरूचं. दोन मुली नुकत्या लागल्या होत्या, त्यांना काही फरक पडत नव्हता. प्रश्न होता तो आपांचा. आपा माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, धुळ्यातल्याच, वडील यंत्रमागावर होते. लहानपणी ताप डोक्यात गेला आणि दृष्टी गेली. अंधशाळेत शिकल्या, मराठी घेऊन एम.ए. केलं. पहिल्या दिवसापासून मला अगं-तुगं करतात आणि मी त्यांना अहो-जाहो. आमच्या ऑफिसचे खरे कान त्याच आहेत. शिरपूरकडचा म्हातारा पंपाच्या आवाजात काय बोलला ते आम्ही तीनदा ऐकून सोडून देतो आणि त्या एकदा ऐकून लिहितात. वर भांडतातही, हा शब्द असा नाही, तसा आहे म्हणून. पडद्यावरचं सगळं त्यांना एक सॉफ्टवेअर वाचून दाखवतं. त्याचा वेग त्यांनी इतका वाढवून ठेवलाय, की आपल्याला पत्र्यावर ज्वारी सांडल्यासारखा आवाज येतो. त्यांना त्यात शब्द ऐकू येतात. मी विचारलं, "आपा, तुमचं काय?" म्हणाल्या, "लाव. बघते."

मी लावलं. लिनक्सवरही वाचून दाखवणारं असतंच, मी ते आधीच तपासलं होतं, मला वाटलं पुरेसं तपासलं. आपा आठवडाभर त्या मशीनवर बसल्या. तक्रार नाही. पण एरवी ज्या जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना हसवतात त्या गप्प बसायला लागल्या आणि त्यांचं काम दुसऱ्यांकडे वळवायची वेळ आली. मी म्हटलं, सवय होईल. मी खरंच तसं म्हटलं, त्यांच्या तोंडावर. तेव्हा त्यांनी मला बोलावलं. "ये, इथे बस माझ्या खुर्चीत." मी बसले. त्यांनी हाताने चाचपून मॉनिटरचं बटण शोधलं आणि पडदा बंद केला. हेडफोन माझ्या कानाला लावला. "वेग कमी केलाय तुझ्यासाठी. आता आपलं रोजचं काम कर. ध्वनिमुद्रण उघड, चालू कर, वेळ टाक, लिही."

मी सुरुवात केली. फाइल उघडेपर्यंत आवाज बोलत होता. मग मी, वाक्य कितव्या मिनिटाला आहे ती वेळ टाकायच्या चौकोनात गेले आणि आवाज थांबला. एकदम. मी एक की दाबली, दुसरी दाबली, काही नाही. मी कुठे आहे, काही उघडलंय का, मी काही पुसून तर नाही टाकलं, काहीच कळेना. आपा शेजारी उभ्या होत्या, त्यांना माझ्या श्वासावरून समजलं असावं.

"थांबला ना?"

"हो."

"तिथेच थांबतो. रोज. मग मी सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून चालू करते. तुझ्यासमोर पडदा काळा झाला तर तू घाबरतेस की नाही? माझ्यासाठी तो गप्प झाला की अंधार होतो. एरवी अंधार नसतो मला."

मी म्हटलं, "आपा, पण ते विंडोज म्हणजे..." आणि तुमचं भाडेकरूचं पुन्हा सांगायला लागले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझे सर म्हणायचे ना, मशीन ज्याचं त्याचं पाहिजे? मग माझं मशीन कोणाचं? माझं की तुझ्या सरांचं?" त्या पुढे म्हणाल्या, "आणि ऐक. विंडोजवर मी जे वापरते ना, वाचून दाखवणारं, ते आंधळ्या माणसांनीच बनवायला घेतलंय. फुकट आहे. उघडून बघता येतं, कुणालाही. तुझ्या सरांना हवं तसंच. फक्त ते चालतं विंडोजवर. आता सांग, काय करू मी?"

सर, याचं उत्तर तुम्हाला आलं असतं का, हेच मी त्यानंतरचे कितीतरी दिवस स्वतःला विचारत होते. भाजी निवडता निवडता उठायचे आणि फेऱ्या मारायचे. ऑफिसला जाताना पांझरेच्या पुलावर गाडीचा वेग आपोआप कमी व्हायचा. माझ्या मशीनवर मी दोन्ही टाकून ठेवलं, सकाळी हे चालू करायचे, दुपारी ते. चुकूनमाकून आवाज न थांबणारं काहीतरी सापडेल म्हणून लिनक्सचेच वेगवेगळे प्रकार आणून बघितले, हा काढ तो टाक, तो काढ हा टाक. नवरा म्हणाला, "एका बाईसाठी एक मशीन घ्यायचंय, त्याचं एवढं काय?" त्याचं बरोबर होतं. आपांसाठी नवं मशीन, नवं विंडोज, बाकी सगळ्यांना लिनक्स. मी ते घेतलंही. आपांनी त्यावर आपलं वाचून दाखवणारं चढवलं, ज्वारी सांडायला लागली, दुसऱ्याच दिवशी जेवताना त्यांनी कुणाच्या तरी सासूची नक्कल केली आणि सगळे हसले. प्रश्न सुटला होता. मला मात्र चैन पडेना. तुमच्याकडे पाठ करून उभी आहे असं वाटत राहिलं.

मग एका रविवारी मी जळगावला गेले, काकूंना भेटायला. पारोळा, एरंडोल, रस्ता आता इतका रुंद झालाय की गावं कधी मागे पडतात कळत नाही. काकू थकल्यात, पण चहा स्वतःच करतात. गुडघ्यांमुळे वेताचा मोढा ओढून गॅससमोर बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, आणि विचारलं, "काकू, सर असते तर काय म्हणाले असते?" मला वाटतं मी माफी मागायला गेले होते आणि तुमच्या वतीने त्या देतील अशी आशा होती.

काकू हसल्या. "म्हणाले असते काय, भांडले असते. त्यांना कुठे ऐकून घ्यायचं असायचं?" मग चहा गाळता गाळता म्हणाल्या, "दोन दिवस भांडले असते त्या बाईंशी. तिसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले असते, कुठे बंद पडतं ते दाखवा म्हणून. मग मला डबा पाठवावा लागला असता तिकडे."

चहा माझ्या हातात तसाच राहिला. मी आपांच्या खुर्चीत एकदा बसले होते, त्यांनी बसवलं म्हणून. शेजारी बसले नव्हते. मी मशीन विकत आणून दिलं होतं आणि सुटले होते.

सोमवारी आपांना म्हटलं, "ते जुनं मशीन अजून आहे. रोज थोडा वेळ माझ्याबरोबर बसाल? कुठे कुठे थांबतं ते मला लिहून काढायचंय." त्या म्हणाल्या, "कशाला? माझं चाललंय ना आता." मी म्हटलं, "तुमच्यासाठी नाही. ज्यांना नवं मशीन कुणी घेऊन देणार नाही त्यांच्यासाठी." त्यांनी थोडा विचार केला. "चहा तू आणायचा," म्हणाल्या. तेव्हापासून दुपारी चहानंतर आम्ही बसतो. आपा चालवतात, आवाज जिथे गप्प होतो तिथे थांबतात, आणि काय दाबलं होतं, त्याआधी काय ऐकू आलं होतं ते सांगतात. मी ते, लिनक्सवरचं वाचून दाखवणारं बनवणाऱ्यांना इंग्रजीत लिहून पाठवते. आपांना माझं इंग्रजी पसंत नसतं, फार गोड आहे म्हणतात. "प्लीज काढ. बंद पडतं म्हणजे बंद पडतं." कितीतरी आठवडे उत्तर आलं नाही. मग एक दिवस कुठल्याशा देशातल्या माणसाचं आलं, त्याने आम्हाला आणखी प्रश्न विचारले. आपांनी उत्तरं सांगितली, मी लिहिली. पुढच्या अपडेटनंतर आपा त्या वेळेच्या चौकोनात गेल्या आणि आवाज बोलला. त्यांनी पुन्हा मागे जाऊन पुन्हा पुढे येऊन बघितलं. पुन्हा बोलला. "बोलतोय," एवढंच म्हणाल्या, पण त्या दिवशी चहा त्यांनी मागवला.

बाकी अजून बरंच गप्प आहे, सर. आपा विंडोजवरच काम करतात आणि करत राहतील, मी आता त्यांना विचारतही नाही. बाकीच्या मुली लिनक्सवर बसतात, त्यातल्या एकीला ते अजून आवडत नाही आणि ती तसं स्पष्ट सांगते. कोणतं चांगलं असं मला कुणी विचारलं तर पूर्वी मी लगेच सांगायचे. आता मी विचारते, कोण बसणार आहे त्याच्यासमोर? लोकांना वाटतं मी उत्तर टाळतेय. काही जण दुसरीकडे जाऊन विचारतात.

हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि काकूंना वाचून दाखवावं असंही मला वाटत नाही, कारण यात एक गोष्ट आहे जी त्यांना आवडायची नाही. तुम्ही असतात तर त्या निरोपाच्या दिवशी मी पहिला फोन तुम्हाला केला असता. तुम्ही आपांना न भेटता फोनवर जे सांगितलं असतं ते मी आणखी कुणाचं न ऐकता केलं असतं, आणि आपा गप्प राहिल्या असत्या, कदाचित काम सोडून गेल्या असत्या, आणि मी म्हटलं असतं की त्यांना सवय झाली नाही. तुमची आठवण मला येते, सर, खूप येते. पण त्या दिवशी तुम्ही फोन उचलायला नव्हतात, ते बरं झालं.