नळी बघितली म्हणालो

५ जानेवारी २०२५, रविवार

सत्यजीतदादांची जीप परत अडली. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची वेळ आली तेव्हा कुठं पेटली — आणि एकदा पेटली की दिवसभर मस्त चालते! दादांची केडगावला फुलशेती, पण जीव सगळा ह्या जुन्या पेट्रोल जीपवर. दर रविवारी डोंगर चढायला नेतात. तिचा कार्बोरेटर महिन्यापूर्वीच हौसरावमामांनी दौंडला त्यांच्या गॅरेजात खोलून बांधलेला.

मामांना फोन केला. बहात्तर वर्षांचा माणूस, एसटीनं शिरूरला आला. माझ्या गॅरेजात बोनेटखाली वाकले, बोट लावलं, वास घेतला. "कार्बोरेटरला काय झालं न्हाई. रातभर पेट्रोल मागं टाकीत उतरतंय. टाकीपासून पंपापर्यंतची नळी बघितली का?"

"बघितली, मामा."

बघितली नव्हती. का म्हणालो तसं? आठ वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, अजून शिकाऊ असल्यासारखं विचारतात, म्हणून. शिवाय फ्युएल इंजेक्शनचं किट येऊन पडलंय. दादांना कधीच सांगून बसलोय — कार्बोरेटर काढून टाकू, सेन्सर बसवू, किल्ली फिरवली की चालू!

मामांनी फडक्याला बोट पुसलं. मग म्हणाले, "मग माझंच चुकलं आसंल."

२३ जानेवारी, गुरुवार

झालं! नवा थ्रॉटल, इलेक्ट्रिक पंप, टाकीपासून सगळ्या नळ्या नव्या, वर कॉम्प्युटर. थंड इंजिन, एका सेल्फात चालू. दादांनी मिठीच मारली. व्हिडिओ जीपवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. कुणीतरी विचारलं, आधी काय झालं होतं? मी लिहिलं — मामांचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही.

बत्तीस अंगठे आले.

२४ जानेवारी, शुक्रवार

ग्रुपवर मामाही आहेत. माझ्या लक्षातच नव्हतं.

खरंच नव्हतं?

९ फेब्रुवारी, रविवार

दौंडच्या दोन जीप आल्या. दोन्ही मामांकडच्या. इंजेक्शन करून द्या म्हणाले. घेतल्या.

१८ मार्च, मंगळवार

रांजणगावला पार्ट आणायला गेलो होतो. गौतमी दिसली — मामांची धाकटी, तिथंच कंपनीत क्वालिटीला आहे. बसची वाट बघत उभी होती. गाडी थांबवली, मामा कसे आहेत विचारलं.

"आप्पांनी शटर बंद केलंय. महिना झाला."

वय झालं आता, म्हटलं.

"वय न्हाई. परवा कार्बोरेटरचा जेट हातात धरून बसले होते नुसते. म्हणले, विश्वजीतनं नळी बघितली होती, म्हंजी मलाच आता समजत न्हाई."

तेवढ्यात बस आली. ती चढून गेली. मी काय घ्यायला आलो होतो तेच आठवेना. पार्ट न घेताच परत आलो.

११ मे, रविवार

भंगारवाला येणार म्हणून मागचा ढीग उपसला. दादांच्या जीपची जुनी नळी हाताला लागली. तशीच देऊन टाकली असती तर सुटलो असतो! पण बादलीत पाणी घेतलं. नळीचं एक तोंड अंगठ्यानं दाबलं, दुसऱ्यातून हवा मारली. क्लिप होती तिथं बारीक चीर. बुडबुडे आले — मोहरीएवढे, एकामागं एक.

मामा बरोबर होते. तिथून हवा शिरायची, रात्रभरात पेट्रोल मागं उतरायचं. माझ्या कॉम्प्युटरनं जीप सुधारलीच नव्हती. किटाबरोबर नळ्या बदलल्या, त्यानं सुधारली.

दोन मिनिटांचं काम होतं. फक्त खाली वाकायचं होतं.

१२ मे, सोमवार

तरी मन मानेना. मामांनी बांधलेला तो कार्बोरेटर फळीवर पडून होता. गॅरेजातल्या दुसऱ्या जीपला लावला. पहिल्याच सेल्फात पेटली. उभ्या गाडीचं आयडलिंग इतकं शांत की बंद करवेना. ऐकत उभा राहिलो. असं इंजिन मला आजपर्यंत लावता आलेलं नाही. मग जाऊन तोंड धुतलं.

१४ मे, बुधवार

दौंडला जायला निघालो. इनामगावला घोड नदीच्या काठी गाडी लावून तासभर बसलो. परत आलो. शेळपट!

१८ मे, रविवार

गेलो एकदाचा. मामांच्या बायकोनं, सोजराबाईंनी, पाणी दिलं. मामा बाजेवर बसलेले, दाढी वाढलेली. नळी त्यांच्यापुढं ठेवली. "बघितली नव्हती, मामा. खोटं बोललो."

त्यांनी नळी हातात घेतली. चिरेवरून नख फिरवलं. एकदा, दोनदा.

सोजराबाई दारातच थांबल्या होत्या. "चार महिनं ह्यांनी सोताची दाढी केली न्हाई. हातात ब्लेड धरायचा इस्वास न्हाई म्हनत्यात. आन् तुला हे आज सुचलं व्हय रं?"

मामांनी एक ठेवून द्यावी, असं फार वाटत होतं. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही.

"तवाच म्हनायचं न्हाई का, न्हाई बघितली. मी बघितली असती की."

मग उठले. "च्या घेऊन जा," म्हणाले आणि आत गेले.

चहा तसाच ठेवून निघालो.

१९ मे, सोमवार

ग्रुपवर लिहिलं. नळी मी बघितली नव्हती, मामांच्या कामात काही दोष नव्हता, त्यांच्याबद्दल लिहिलं ते खोटं. जुन्या नळीचा फोटोही टाकला. चौघांनी ग्रुप सोडला.

सत्यजीतदादांचा फोन आला. "वडिलांपासून आमची गाडी मामांकडं. आन् तुझं ऐकून चार महिने मी त्यांच्या दारावरनं मान फिरवून जातोय. निदान मला तरी सांगायचं!" एवढं बोलून फोन ठेवला.



१ जून, रविवार

गौतमीचा फोन. मामांनी आज शटर उघडलं. तिनं कंपनी सोडली, आजपासून त्यांच्या हाताखाली ती. आठ वर्षं जिथं मी उभा राहायचो, तिथं.

मी म्हटलं, येऊ का?

"नका येऊ. हे आप्पा म्हणत न्हाईत. मी म्हणतेय."