मामाच्या पायाचा अंगठा

कन्नड, ता. ६ फेब्रुवारी

चि. सौ. सरूस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

श्रेयाची लग्नपत्रिका पोचली. भाचीचं नाव छापलेलं बघून तुझी वहिनी डोळे पुसत बसली. फोन न करता पत्र लिहितोय याचं तुला नवल वाटेल. आमच्या घरात फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात, आणि हे सगळ्यांनी ऐकण्यासारखं नाही.

मला लग्नाला यायला जमणार नाही. उसाची तोड नेमकी त्याच आठवड्यात आली आहे. नवरीला हात धरून मंडपात आणायला, तिच्या पाठीशी उभं राहायला मामा लागतो हे मला कळतं. आपला चुलतभाऊ विश्वजीत आहे, त्याला उभा कर. तुझी टाच कशी आहे ते कळव.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा,
काकासाहेब

---

औरंगपुरा, ता. १२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

टाच तशीच आहे. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसल्यासारखं होतं, थोडं चाललं की सैल पडतं. डॉक्टर म्हणतात, फरशीवर अनवाणी उभं राहून तळव्याची शीर ताणली आहे, घरातही मऊ चप्पल घाला. आता मी स्वयंपाकघरात चप्पल घालून फिरते. सासूबाई असत्या तर मला चपलेसकट बाहेर काढलं असतं.

आता तुझ्या उसाचं. ऊस जानेवारीतच कारखान्याला गेला, हे वहिनीनंच मला सांगितलं होतं. दादा, खोटं बोलणं तुला कधीच जमलं नाही. तिकडून आलेल्या पाहुण्यांनी वेगळंच सांगितलं. तुझा पाय सुजलाय, आणि दवाखान्यात डॉक्टरांनी तुला दारू किती घेता म्हणून विचारलं. तू गावच्या दारूबंदी समितीचा अध्यक्ष, म्हणून लोक हसतात म्हणे. खरं सांग, घेतोस का? व्याह्यांच्या कानावर गेलं तर काय, याची मला धास्ती वाटते. विश्वजीतला मी कालच निरोप दिलाय. तू न आलेलंच बरं.

वहिनीस नमस्कार. माया असू दे.
तुझी,
सरू

---

कन्नड, ता. १८ फेब्रुवारी

चि. सौ. सरूस आशीर्वाद.

विश्वजीतला सांगितलंस, ठीक केलंस. मीच तसं लिहिलं होतं. पण तू न आलेलंच बरं, हे तुझ्या अक्षरात वाचावं लागेल असं वाटलं नव्हतं.

झोपेतच उजव्या पायाचा अंगठा पेटला. सकाळी बघतो तर लालबुंद. चादरीचा काठ लागला तरी जीव जात होता. आधी वाटलं काटा मोडला, मग वाटलं बांधावर पाय मुरगळला. पण मुरगळला तर घोटा सुजायला पाहिजे. म्हणून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी दारूचं विचारलं तेव्हा दार उघडं होतं, आणि बाकावर आमच्या समितीनं शपथा दिलेलीच माणसं बसलेली. मी थेंबही घेत नाही म्हणालो. डॉक्टर नुसते बरं म्हणाले. बाहेर आलो तर त्यातल्याच बन्सीनं विचारलं, की अध्यक्षसाहेब, लई भारीतली दिसती, आम्हाला बी नाव सांगा. सगळे हसले. मी पायाकडं बघत घरी आलो. तेव्हापासून समितीच्या बैठकीला गेलेलो नाही.

मंडपात अनवाणी उभं राहावं लागतं, सरू. हा अंगठा कुठं झाकू? म्हणून ऊस.

श्रेयाला माझे आशीर्वाद सांग. बाकी काय मागू.
काकासाहेब

---

औरंगपुरा, ता. २४ फेब्रुवारी

ती. दादास,
तुझ्या पायावर डोकं ठेवून लिहिते.

तुझं पत्र घेऊन मी टाचेच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, बघितल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही, पण अंगठ्याचा सांधा असा एकाएकी पेटला तर आधी रक्तातलं युरिक ॲसिड तपासावं. दारूनं ते वाढतं, म्हणून प्रत्येकालाच तो प्रश्न विचारतात. पण न पिणाऱ्यालाही हा आजार होतो. घराण्यातून येतो, शिवाय रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांनी लघवी जास्त होते त्यांनीही होतो. मी वहिनीला तुझ्या गोळीचं नाव विचारलं, तर ती तसलीच निघाली. आपल्या मनानं बंद करू नकोस, डॉक्टरांना दाखवून बदलून घे.

त्या दवाखान्यातून मी घरी कशी आले माझं मला माहीत. लोक हसले, ते परके होते. मी तुझ्या पाठची बहीण, आणि मी पाहुण्यांचं खरं धरलं. तुझा पाय कसा आहे हेसुद्धा विचारलं नाही. मला माझीच लाज वाटते. श्रेयाला सगळं सांगितलं. तिनं स्वतः विश्वजीतला फोन करून त्याची माफी मागितली, आणि मला म्हणाली, की मामा आला नाही तर ती खोलीच्या बाहेर पाऊल टाकणार नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

लोभ मागायला तोंड नाही. तू ये.
सरू

---

कन्नड, ता. ३ मार्च

चि. सौ. सरूस अनेक आशीर्वाद.

युरिक ॲसिड वाढलेलंच निघालं. गोळी बदलली. सूज उतरली, पण लाली आहे. डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितलंय. मी येतोय. खुर्ची ठेवू नकोस, उभा राहीन. कोणी अंगठ्याकडं बघितलं तर बघू दे. विश्वजीतचा आहेर माझ्या आधी दे, त्याचा मान राहिला पाहिजे.

आता एक सांगतो, ते तुझ्यापाशीच ठेव. तू फार रडू नकोस, माझंही काही बरोबर नव्हतं. तुझं ते पत्र आलं त्या दिवशी मी न्हाणीत गेलो, दार लावलं, आणि ओंजळीत फुंकर मारून स्वतःच्या तोंडाचा वास घेऊन बघितला. जन्मात थेंब घेतला नाही, तरी बघितला. सरू विचारतेय म्हणजे असेल काहीतरी, असं वाटलं.

श्रेयाला सांग, मामा निघालाय. लोभ आहेच.
तुझा,
दादा