खाली कोन हाय?

३ ऑक्टोबर २०२४
लागलो एकदाचा! समुद्रपूरच्या गॅरेजात इतकी वर्षं तेलात माखलो आणि आज देवळी रोडवरच्या गाड्यांच्या शोरूमचा टेक्निशियन झालो. निळ्या गणवेशाच्या खिशात ही डायरी बरोब्बर मावते, त्यामुळे शिकलेलं इथेच लिहीन. मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. पुढे एसी आणि काचा, मागे वर्कशॉपमध्ये आपलीच दुनिया. शेवटी गाडीखाली उतरून काम करायचा एक जुना खड्डा आहे, वर फक्त वरूनच सरकवता येणाऱ्या जड लोखंडी पाट्या, एका टोकाला पायऱ्या. मोठे मिस्त्री नत्थूजी यांचा नियम असा, की खड्ड्यावरची गाडी हलवण्याआधी वाकून विचारायचं, "खाली कोन हाय?" उत्तर आलं नाही की गाडी काढायची. बडबडीत माझा हात कोण धरणार? पहिल्याच दिवशी सगळ्यांना हसवलं. सिंदी मेघेच्या खोलीवर आलो तर बायकोने, जयाने, शिरा केला होता.

७ ऑक्टोबर
आज मी विचारलं आणि खालून उत्तर आलं, "कोनी नाई. घे." धुलाईवाला निकेश मस्करी करत असेल वाटलं. मी सोडतो होय! म्हटलं, "कोनी नाई त मंग तू कोन?" गाडी काढून पाहिलं तर खड्डा रिकामा.
जेवताना नत्थूजींना गंमत म्हणून सांगितलं. त्यांनी डबाच बंद केला. म्हणाले, "त्याच्यासंगं बोलला काऊन बाप्पा? तो बोलला का आपन चूप बसाचं. त्याले आवाजच पाह्यजे अस्ते." माझ्या जागेवर आधी प्रेमदास होता म्हणे. त्याची वाचाच गेली, आता देवळीत हातवारे करत पानठेला चालवतो. मला हसू आलं. नत्थूजी हसले नाहीत.

१० ऑक्टोबर
आवाज बसलाय. धूळ असेल. जयाने हळदीचं दूध दिलं, ज्येष्ठमध दिला.
दुपारी खड्ड्याजवळून जाताना खालून गुणगुणणं ऐकू आलं. काम करताना मी गुणगुणतो, अगदी तसंच. भीती वाटली. इथे लिहायला लाज कसली?

१४ ऑक्टोबर
घशातून नुसती हवा येते. डॉक्टर म्हणतात, घसा ठीक आहे. निकेशने विचारलं, सकाळी खड्ड्यात बसून कोणाशी बोलत होतास? सकाळी मी इथे नव्हतोच.
मॅनेजर वासुदेवरावांना कागदावर लिहून दिलं, खड्डा बुजवा. ते म्हणाले, तिथे नवी लिफ्ट बसवायचीच आहे, बुजवून टाकू. जिवात जीव आला.

१६ ऑक्टोबर
उद्या मुरूम येतोय. नत्थूजी सोयाबीन काढायला गावी गेलेत. ते असते तर बरं—

१७ ऑक्टोबर
वासुदेवरावांनी खालचा दिवा काढून आणायला सांगितलं. नाही म्हणायला आवाज कुठे होता? मान हलवली. त्यांनी पाहिली नाही. उतरलो.

दिवा अजून लागलेला आहे म्हणून लिहितो. ट्रॅक्टर मागे आला. ट्रॉली पायऱ्यांवर. निकेशने वाकून विचारलं, खाली कोन हाय? मी पाना पाटीवर आपटतोय—ट्रॅक्टरच्या धडधडीत कोणाला—

वरून उत्तर गेलं. निकेशच्या शेजारून. माझ्या आवाजात. "मी वर आलो ना. खाली कोनी नाई. टाक."

निकेशला आनंद झाला. "आवाज सुटला का बे तुहा!"

मुरूम पडला. पायऱ्या गेल्या.

दुसरी ट्रॉली—

ते वर हसवतंय सगळ्यांना. संध्याकाळी माझ्या घरी जाईल. जयाला हाक मारेल आणि ती—

पान फाडून पाट्यांच्या फटीतून वर सरकवतो. कोणाला सापडलं तर आधी तिला द्या—

जया, माझा आवाज आला तरी दार उघडू नकोस. तो मी नाही. मी खाली आहे. मी खा