योहानदादाचं आमेन

प्रिय आईस,
जरीपटक्याहून शमुवेलचा प्रभूमध्ये सलाम.

माझी तब्येत ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

योहानदादा बेपत्ता झाल्यापासून आपण जेवणाआधीच्या प्रार्थनेत रोज त्याचं नाव घेतो. इथेही मी घेतो. पाळकसाहेब आता थांबा म्हणतात, असं तू लिहिलंस. आपल्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, हे मला माहीत आहे. पण तो मेला हे कोणी पाहिलं? मागत राहावं, हे तूच शिकवलंस. त्याचं नाव सोडू नकोस.

काल घरमालकीण सिंधूताई भाजी घेऊन आल्या आणि माझी प्रार्थना संपेपर्यंत दारात थांबल्या. मग म्हणाल्या, "काहून गा, मधातच आमेन कोण म्हणून राहिलं होतं?"

"मीच, ताई. भूक लागली होती."

त्या हसल्या, पण खोलीभर बघत राहिल्या. मी तर आमेन शेवटीच म्हणतो.

दादाला जेवायची घाई असायची. तो असाच मध्येच आमेन म्हणायचा आणि तू डोळे मिटूनच त्याला पळी दाखवायचीस.

आई, घरीही ऐकू येतं का? येत असेल, तर पाळकसाहेबांना सांगू नकोस.

रोज तुझ्याबरोबर गुडघे टेकणारा,
शमुवेल